नेम आणि नजर

संशयी : शनिवारपासून एक गोष्ट मनात घोळते आहे, ती आधी बोलून टाकतो. पुण्याहून आलेल्या मामाला काहीतरी देखणं दाखवायचं म्हणून तू मला सॅन होजेहून घाट ओलांडून सांताक्रूझला नेलंस, डेलाविएगाच्या टेकडीवर. जागा देखणी आहे, त्यात वाद नाही. ओकची जुनी वाकडीतिकडी झाडं, खोल घळी, आणि शेवटाकडे तो २७ नंबरचा होल, ज्याला तुम्ही लोक ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणता. तिथून खाली पसरलेला माँटेरेचा उपसागर. पण त्यातलं तू काय पाहिलंस? सगळा वेळ एकतर हवेतली प्लॅस्टिकची थाळी बघत होतास, नाहीतर झुडपात गेलेली थाळी शोधत होतास. समुद्र दिसला तेव्हा तू चिमूटभर वाळकं गवत उपटून हवेत सोडलंस, वारा कुठून येतोय ते पाहिलंस आणि पिशवीतून दुसरी थाळी काढलीस. माझ्यासमोर पॅसिफिक महासागर होता, तुझ्यासमोर त्याच्यावरून येणारा वारा. असल्या जागी खेळ मांडणं ही मला ती जागा न बघण्याची सोय वाटते. आम्ही हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथे पडून तासन्‌तास खाली बघत असू, तेव्हा कुणी स्कोअर विचारला नाही.

उत्साही : मामा, वारा बघणं हे बघणं नाही का? उलट मी म्हणेन, त्या टेकडीवर वारा बघायला मला खेळाने शिकवलं. ही डिस्क म्हणजे बागेत पोरं झेलाझेली करतात ती फ्रिस्बी नाही. व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास, वजन १५० ते १७५ ग्रॅम आणि कडेला निमुळती धार. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेसने ती धार काढली आणि या खेळाची चकती फ्रिस्बीपासून कायमची वेगळी झाली. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की ती घड्याळाच्या काट्यांसारखी गरगरते. वेगात असताना जरा उजवीकडे कलते आणि वेग ओसरला की डावीकडे वळत खाली येते. आता त्यात वारा घाला. समोरून आला तर चकतीच्या हिशोबाने तिचा वेग वाढलेला असतो, म्हणून ती जास्त उजवीकडे कलंडते आणि कधीकधी पार उलटते. मागून आला तर उचल मिळत नाही, अलीकडेच बसते. आणि २७ नंबरवर तर दीडशे मीटरहून लांब, तेही उतारावर फेकायचं. जमीन चकतीखालून निसटत जाते, त्यामुळे ती हवेत जास्त वेळ टिकते आणि शेवटचं डावं वळण लांबतच राहतं. हे सगळं हात मागे नेण्याआधी डोळ्यांनी पाहून ठेवावं लागतं. खालच्या झाडांचे शेंडे हलतायत का, माझ्या पायाशी वारा आहे तोच मधल्या घळीवर आहे का, ऊन कुठल्या बाजूने डोळ्यांत येतंय. तुम्ही समुद्र पाहिलात हे खरं. पण त्या दिवशी खालच्या ओकचे शेंडे एका दिशेला आणि वरचं गवत दुसऱ्या दिशेला हलत होतं, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? आणि ट्रेकचं म्हणाल तर मीही तुमच्याबरोबर आलोय. चढताना माणसाला मुख्यतः पुढच्याच्या टाचा दिसतात.

(डिस्क गोल्फ हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी इथे मध्ये पडतो. नियम गोल्फचेच, चेंडूच्या जागी चकती आणि खड्ड्याच्या जागी खांबावरची लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्या टांगलेल्या. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायचं, चकती पडेल तिथून पुन्हा फेकायचं, कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. जो टोपलीपासून सर्वांत लांब तो आधी फेकतो. चकती साखळ्यांवर आपटते तेव्हा होणारा आवाज या खेळाच्या भक्तांना फार प्रिय असतो, आणि मामांनाही तो आवडला होता, हे त्यांनी भाच्यापाशी अजून कबूल केलेलं नाही.)

संशयी : शेंडे हलत होते हे माझ्या लक्षात आलं नाही, मान्य. पण तुझ्या लक्षात ते का आलं, ते बघ. ते तुझ्या वाटेत होते म्हणून. कॅरम खेळणाऱ्या पोराला बोर्डवरची पावडर कुठे जास्त सांडली आहे ते अचूक माहीत असतं, पण आजी खोलीत येऊन गेली हे माहीत नसतं. तुझं लक्ष फार बारीक आहे, पण ते स्वतःच्या कामापुरतं आहे. ज्या ओकवर तुझी चकती दोनदा आपटली, त्या झाडाबद्दल तुला काय माहीत आहे? मी विचारलं तर म्हणालास, ‘हे झाड डावीकडून जाणारी लाइन बंद करतं.’ ही त्या झाडाची ओळख झाली का? मी घरी येऊन वाचलं. तो कोस्ट लाइव्ह ओक आहे, सदाहरित, पानगळ न होणारा. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून या किनाऱ्यावर ‘सडन ओक डेथ’ नावाच्या रोगाने असे ओक आणि त्यांचे भाऊबंद मोठ्या संख्येने मेले. रोगाला कारण असलेला जीव बुरशीसारखा आहे, ओलाव्यात वाढतो, आणि तो पसरायची एक वाट म्हणजे माणसांच्या बुटांना लागलेला चिखल. पाऊस पडून गेल्यावर तिथे किती लोक खेळायला येतात? त्यातल्या कितींना हे माहीत आहे? तुझा खेळ तुला झाडाची फक्त आडवी येणारी बाजू दाखवतो. आजारी बाजू दाखवत नाही.

आणि दुसरं. तू ‘अवघड कोर्स’, ‘अवघड कोर्स’ असं मोठ्या अभिमानाने सांगत होतास. डोंगर मुळातच अवघड असतो रे. लिंगाण्यावर चढणाऱ्याला कुणी अडचण तयार करून द्यावी लागत नाही. तुम्ही मात्र टोपली मुद्दाम अशा कडेला रोवता की नेम चुकला की चकती गडगडत घळीत जावी. अडचण विकत आणायची आणि मग तिच्याशी झुंजल्याचं कौतुक करून घ्यायचं, हा उद्योग मला कळत नाही.

उत्साही : झाडाच्या आजाराबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ते मी वाचीन. पण अडचणीबद्दल आहे, आणि जरा लांबण लावतो.

या टेकडीवरचा कोर्स १९८४ मध्ये उभा राहिला. तेव्हा खेळ कोवळाच होता. एड हेड्रिक नावाचा माणूस व्हॅम-ओ या फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याने लॉस एंजलिसजवळ ला कान्यादा फ्लिंट्रिज इथल्या ओक ग्रोव्ह पार्कात १९७५ मध्ये पहिला कायमचा कोर्स उभारला. आधी नेम धरायला नुसते खांब होते. लागली की नाही यावरून भांडणं व्हायची, म्हणून त्याने साखळ्यांची टोपली काढली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. चकती साखळ्यांत अडकून खाली टोपलीत पडली की वाद मिटला. पुढे तो याच सांताक्रूझ भागात, ला सेल्वा बीचला राहायचा, २००२ मध्ये तिथेच वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याच्या स्मरणार्थ चकत्या काढल्या गेल्या. तुम्ही हसाल, मला माहीत आहे.

पण मुद्दा वेगळा आहे. कोर्स आखणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, टी कुठे आणि टोपली कुठे. मधलं सगळं डोंगराचं. डेलाविएगाच्याच पार्कात पलीकडे शहराचं चेंडूचं गोल्फ मैदान आहे, ते तुम्ही पाहिलंत. तिथे हिरवळ लावावी लागते, कापावी लागते, आणि कॅलिफोर्नियासारख्या दुष्काळाच्या प्रदेशात तिला पाणी पाजावं लागतं. आमच्याकडे हिरवळ नाही. घळ होती तिथेच घळ आहे, ओक होता तिथेच ओक. टोपली कड्याच्या कडेला ठेवली म्हणजे कुणी कडा तयार केला असं होत नाही, त्या कड्याला नुसतं बोलतं केलं. आणि तिथे खरी गंमत नेमाची नसतेच. टोपलीपासून १० मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं, पुढे पाऊल पडलं तर फाउल. पायाखाली उतार, टोपलीमागे दरी, आणि तुम्ही सात मीटरवर. सरळ टोपलीवर मारायची की टोपलीच्या बुडाशी हळूच ठेवून एक फेक जास्त घ्यायची? मारलीत आणि चुकलात तर चकती कडेवर उभी राहून चाकासारखी पळत सुटते आणि तीस-चाळीस मीटर खाली जाऊन थांबते. मग तिथून वर फेकायचं, पुन्हा त्याच दरीच्या कडेला. असं झालं की माणसाला डोंगराचा उतार अंशाअंशाने कळतो. आणि स्वतःचा स्वभावही. मी दर वेळी मारतो. ऑफिसातही मी तसाच आहे, हे माझी बायको सांगते.

शिवाय नियमावलीत एक कलम आहे, ते तुम्हाला आवडेल. फेकायला उभं राहताना झाडाझुडपाची कमीत कमी हालचाल होईल अशीच जागा घ्यायची. फांदी आडवी आली तर मोडायची नाही, ओढून मागे धरायची नाही. तिच्याखालून वाकून, गुडघ्यावर बसून, डाव्या हाताने, कसंही फेका. खेळच म्हणतो की झाडाला वाट सोडायला लावायची नाही, आपण वाट काढायची.

संशयी : कलम चांगलं आहे. राखेची गोष्टही आवडली, हसणार नाही. आपल्याकडे अस्थी पाण्यात सोडतात, याने प्लॅस्टिकमध्ये सोडल्या. भक्त म्हणून पक्का. पण कलम माणसाच्या हाताला लागू आहे, चकतीला नाही. पावणेदोनशे ग्रॅमचं कडक प्लॅस्टिक झाडाच्या सालीवर वर्षानुवर्षं त्याच उंचीवर आदळतं, त्याचं काय? टीसमोरच्या पहिल्या झाडांची खोडं मी नीट पाहिली. छातीच्या उंचीला साल सोलवटलेली. आणि टीच्या आजूबाजूची जमीन? दगडासारखी घट्ट. गवत नाही, पालापाचोळा नाही, ओकची मुळं उघडी पडून पायऱ्यांसारखी झालेली. पाऊस पडला की पाणी मुरणार कुठे? उतारावरून मातीच घेऊन जाणार. चेंडूच्या गोल्फला पाणी लागतं, हे तुझं म्हणणं पटलं. पण त्या मैदानाची फी असते, माळी असतो, देखभाल असते. तुमचा खेळ स्वस्त किंवा फुकट, म्हणून कुणीही येतं, आणि जिथे कुणीही येतं तिथे जमिनीचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

शिवाय हा खेळ आता गरीब राहिलेला नाही. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथने एका चकती बनवणाऱ्या कंपनीशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला, हे तूच मला सांगितलंस, आणि डोळे किती चमकत होते तुझे! पैसा आला की गर्दी येते, गर्दी आली की जास्त गाड्या, जास्त टोपल्या. जगभरात पंधरा हजारांहून जास्त कोर्स झाले म्हणतोस. त्यातले कितीतरी रानांत, टेकड्यांवर असणार. प्रत्येक ठिकाणी आधी एक शांत टेकडी होती.

उत्साही : ही तक्रार खरी आहे आणि ती खेळाडूही करतात. उघडी मुळं मीही बघतो. पण मामा, हा आरोप खेळावर आहे की पावलांवर? कारण पावलं तुमचीही आहेत. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला रात्री गाड्यांच्या दिव्यांनी रस्ते तुंबतात आणि काजव्यांच्या अळ्या पायाखाली जातात, हे तुम्हीच मला फोनवर तावातावाने सांगितलं होतं. कासच्या पठारावर फुलं बघायला येणाऱ्यांची रोजची संख्या बांधून द्यावी लागली. तिथे कुठल्या टोपल्या होत्या? कुणी नेम धरत नव्हतं, सगळे बघायलाच आलेले होते. पुण्याहून आले, फुलांत बसून फोटो काढले, गेले. पुढच्या वर्षी तिथे काय उगवलं नाही, हे त्यांना कधीच कळणार नाही, कारण ते पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार.

आम्ही मात्र त्याच टेकडीवर पुन्हापुन्हा जातो. अमुक होलवर मागच्या पावसाळ्याआधी माती किती होती, कुठलं झाड वठत चाललंय, कुठल्या वळणावर नवी पायवाट पडली, हे तिथल्या जुन्या खेळाडूंना तोंडपाठ असतं. लोक सुट्टीच्या दिवशी येऊन उतारावर ओंडके आडवे लावतात, लाकडाचा भुसा पसरतात, आणि टोपलीला दोन-तीन जागा करून ठेवतात, म्हणजे एका जागेला विसावा देऊन दुसरी वापरता येते. स्कोअरमुळे म्हणा, हट्टामुळे म्हणा, पण आम्ही परत जातो. निव्वळ सौंदर्य बघायला माणूस एकाच ठिकाणी किती वेळा जाईल?

आणि बिब्ब्याची गोष्ट विसरलात का? झुडपात हात घालू नका म्हणून मी ओरडलो, तेव्हा तुम्ही म्हणालात की तुझा खेळ तुला झाडं ओळखायला शिकवत नाही. ते पॉयझन ओक होतं. तीन-तीन पानांचं, साधंसं दिसतं, आणि त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात.

संशयी : बिब्बा उततो तसे. हो, आणि ते माझ्या डोक्यात आल्यावर मी फार खूश झालो होतो. आंबा, काजू, बिब्बा आणि हे तुझं विषारी झुडूप, सगळे एकाच कुळातले. आमच्या लहानपणी परीट कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचा, आणि ज्याला उतायचा त्याची हाता-तोंडाची काय अवस्था व्हायची! सात समुद्रांपलीकडे एका टेकडीवर बिब्ब्याचा चुलतभाऊ भेटावा, ही त्या दिवसातली माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट होती. पण बघ, ती मला सापडली ती तुझी चकती हरवल्यामुळे. हे मी तुझ्या बाजूने धरायला तयार आहे.

परत जाण्याचा मुद्दा मात्र जड आहे, तो मी सहज सोडणार नाही. तू म्हणतोस ते खरं आहे, एकदाच येणारा बघ्या फार नुकसान करतो. पण परत परत जाणाऱ्याचं दुसरंच काहीतरी होतं. जागा त्याची होऊन बसते. ‘आमचा कोर्स’, ‘आमचा २७ नंबर’. आपल्याकडे देवराई असते. तिथेही लोक पिढ्यान्‌पिढ्या परत जातात, पण वाळकी काटकी उचलायची नाही, हा नेम. जागा देवाची, आपण पाहुणे. भीती म्हण, श्रद्धा म्हण, पण परत जाणं आणि हात न लावणं या दोन गोष्टी तिथे एकत्र नांदतात. तुमच्याकडे परत जाण्याचं कारणच हात लावणं आहे. तेव्हा मी तुला सरळ प्रश्न विचारतो. उद्या कुणी माती आणि झाडं तपासून सांगितलं की तो सत्तावीसचा उतार दहा वर्षं बंद ठेवा, तिथे पाय नको. तुम्ही ठेवाल?

उत्साही : टोपली हलवू.

संशयी : हलवू म्हणालास. बंद ठेवू म्हणाला नाहीस.

उत्साही : कारण तो होल मला काय देतो, ते मी अजून नीट सांगितलेलं नाही. सांगतो, मग ठरवा.

तुम्ही त्या माथ्यावर उभे राहून म्हणालात, ‘वा, काय देखावा आहे!’ मी खरं सांगू? मला तिथे नुसतं उभं राहिलं की तो देखावा सपाट दिसतो. निळा पट्टा, त्याखाली शहर, त्याखाली झाडं. कॅलेंडरवर छापल्यासारखा. डोळ्यांना अंतर कळतच नाही, कारण मध्ये काही नसतं. मग मी फेकतो. चकती सुटते, आधी समुद्रावर असल्यासारखी दिसते, मग क्षितिजाच्या खाली उतरते, शहराच्या छपरांसमोरून जाते, मग झाडांसमोर येते आणि लहान होत होत जमिनीवर बसते. तेवढ्या काही सेकंदांत प्रत्येक थराला आपापली जागा मिळते. समुद्र किती लांब आहे, घळ किती खोल आहे, मी किती उंचावर आहे, हे सगळं एकदम कळतं. पोटात कळतं. तो देखावा माझ्यासाठी तेव्हा खरा होतो. म्हणून मला तुमचं म्हणणं पटत नाही की मी महासागर सोडून चकती बघत होतो. चकतीमुळेच मला महासागराचं अंतर दिसत होतं.

संशयी : हे तू आज पहिल्यांदा बोललास, आणि आजवरच्या तुझ्या सगळ्या वकिलीपेक्षा हे मोलाचं आहे. पण त्याच वेळी एक गिधाड, तुमचं तांबड्या डोक्याचं, त्या घळीवर पंख न हलवता गिरक्या घेत होतं. ते समुद्रासमोरून गेलं, झाडांसमोरून गेलं, पुन्हा वर आलं. मला अंतर त्याने दाखवलं. फुकट, आणि सालीला धक्का न लावता. तुला थाळी का फेकावी लागते?

उत्साही : कारण गिधाड माझ्या हातातून सुटलेलं नसतं. ते कुठे उतरतं याने माझं काही बिघडत नाही, म्हणून मी मिनिटभर बघतो आणि विसरतो. चकती कुठे पडणार, याच्यात माझं काहीतरी गुंतलेलं असतं. ती चुकली तर मला खाली उतरून जायचं आहे. अंतर मला चालायचं आहे, म्हणून मी ते बघतो.

संशयी : म्हणजे स्वतःचं काही पणाला लागल्याशिवाय तुला दिसत नाही.

उत्साही : आणि पणाला काही नसताना तुम्हाला दिसतं. पण मग मामा, कोकणकड्यावर पालथं पडून का बघत होता? उभ्याने का नाही?

संशयी : ...पालथं पडलं नाही तर वाऱ्याने माणूस खाली जाईल म्हणून.

उत्साही : म्हणजे पणाला जीव होता. म्हणूनच तो कडा इतका दिसला.

संशयी : वकिली पुन्हा सुरू झाली तुझी. तरीही थांब, यात काहीतरी आहे, आणि मला ते पटकन निकाली काढायचं नाही. कड्यावर भीती माझी होती आणि तिची किंमतही मीच मोजणार होतो. तुझ्या चकतीत जे पणाला लागतं ते तुझं म्हणजे एक फेक, आणि झाडाची साल, आणि उतारावरची माती. तू लावतोस त्यातला थोडाच भाग तुझा आहे. जो माणूस बघण्यासाठी काही पणाला लावतो, त्याने ते स्वतःचंच लावावं, एवढं तरी मागणं रास्त आहे ना? तुझं बघणं खोटं आहे असं मी आता म्हणणार नाही. मघाशी म्हणालो ते मागे घेतो. पण त्या बघण्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, हा प्रश्न राहिला.

उत्साही : राहिला. आणि तुमच्या बाजूला एक प्रश्न मी ठेवतो. खेळ नसता तर त्या टेकडीवर मी आलो नसतो. माझ्याबरोबर कामाला असणारी, आठवडाभर पडद्याकडे बघणारी, झाडांशी काडीचा संबंध नसलेली पोरंही आली नसती. तुम्हाला सह्याद्री लहानपणी वारशात मिळाला, वडिलांबरोबर, गिरिप्रेमी मित्रांबरोबर. ज्यांना तो वारसा नाही, त्यांना डोंगरात न्यायला काहीतरी निमित्त लागतं. ते निमित्त निरुपद्रवी नाही, मान्य. पण ते काढून घेतलं तर डोंगर वाचवा म्हणून ओरडायला कोण उरेल? आणि १० वर्षं बंद ठेवा म्हणून कागद आला तर मी सही करीन. माझ्याबरोबर खेळणारे बाकीचे करतील का, ते मला सांगता येत नाही.

संशयी : तू करशील, हे मी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी मी येईन, चकती हातात घेणार नाही.

उत्साही : एक तरी फेका. २७ नंबरवर.

संशयी : साखळ्यांचा आवाज आवडला म्हणून लगेच डोक्यावर बसू नकोस.

(दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, आणि ते मुलांकडे बे एरियात जाऊन राहणाऱ्या वाचकांच्या कानावर घालतो. या टेकडीवर गेलात तर फेकणाऱ्याच्या मागे उभे राहा, तीन पानांच्या झुडपाला हात लावू नका, आणि पावसानंतर गेला असाल तर गाडीत बसण्याआधी बुटांचा चिखल तिथेच खरवडून टाका.)